प्याला भरणारा हात : व्यसनमुक्तीचे नाटक आणि तरुण प्रेक्षक

व्यसनमुक्तीच्या नाटकाला आपल्याकडे एक ठरीव साचा लाभला आहे. प्रायश्चित्तकाळातील युवक-मेळावा असो, गांधी जयंती असो, की संयुक्त राष्ट्रांनी १९८७ साली मुक्रर केलेला २६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन असो, चर्चच्या पटांगणात किंवा धर्मग्रामाच्या सभागृहात त्या साच्यातून निघालेले एखादे पथनाट्य हमखास उभे राहते. गुणी मुलगा, वाईट मित्र, पहिला घोट, विस्कटलेले शिक्षण, आईचा टाहो, काळा अंगरखा घातलेला मृत्यू आणि अखेरीस हात उंचावून घेतलेली सामुदायिक शपथ, असा त्याचा प्रवास. काम करणारी मुले ते मनापासून करतात. पाहणारे टाळ्या वाजवतात. धर्मगुरू कौतुकाचे दोन शब्द बोलतात. या साऱ्यामागील तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तळमळ ही नाट्यकृतीची कसोटी होऊ शकत नाही, आणि म्हणून एक प्रश्न विचारणे भाग आहे : ही नाटके आपल्या तरुणांशी बोलतात, की तरुणांना समोर बसवून वडीलधारी मंडळी आपापसांत बोलतात?

या साच्याचे कूळ थोर आहे. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर काही आठवड्यांतच, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास रंगभूमीवर आणले. मद्यपानाच्या दुष्परिणामांवरील नाटक म्हटले की आजही मराठी माणसाला प्रथम सुधाकर आणि सिंधू आठवतात. तान्ह्या मुलाचा बळी, सिंधूचा मृत्यू आणि सुधाकरची आत्महत्या येथवर जाणारी ही शोकांतिका मराठी मनाने पिढ्यान्‌पिढ्या आपली मानली. आपल्या पथनाट्यांतील रडणारी आई आणि उद्ध्वस्त संसार यांची मुळे या नाटकात आहेत, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक असो वा नसो.

पण गडकऱ्यांपाशी जे होते, ते त्यांच्या वारसदारांच्या हाती लागले नाही. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. तो चैनीखातर पिऊ लागत नाही. मुनसफाशी खटका उडतो, काही काळापुरती सनद जाते, आणि ज्या गावात मान होता त्याच गावात तोंड दाखवणे त्याला असह्य होते. त्या अपमानाच्या क्षणी तळीराम पुढे येतो. तळीराम म्हणजे काही शिंगे असलेला सैतान नव्हे. तो गमत्या आहे, लाघवी आहे, दुखण्यावर उपाय घेऊन आलेला आहे. व्यसनाच्या आधी एक जखम असते आणि प्याला बहुधा ओळखीच्या, आपुलकीच्या हातून येतो, ही दोन सत्ये गडकऱ्यांनी जाणली होती. आपल्या पथनाट्यांनी शेवट उचलला आणि आरंभ सोडून दिला. तेथला मुलगा कोणत्याही कारणाविना बिघडतो, आणि बिघडवणारा नेहमी परका असतो.

दुसरी गोष्ट ‘एकच प्याला’लाही लागू आहे. प्रेक्षक सिंधूसाठी रडला, तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाला मनमुराद हसला, बालगंधर्वांच्या गळ्याने भारावला आणि घरी गेला. सुधाकर पहिला प्याला उचलतो त्या क्षणी तुम्ही शेजारी असता तर काय केले असते, हे त्याला कोणी विचारले नाही. शोकांतिकेच्या घाटात ते शक्यही नव्हते. तेथे पहिल्या घोटानंतर सारे अटळ असते. महान नाटकाला ही अटळता शोभते. परंतु सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला सावध करण्याचा हेतू असेल, तर ‘एकदा सुरू झाले की सुटका नाही’ हा धडा उपयोगी पडतोच असे नाही. ज्याने आधीच दोन-चार वेळा घेतली आहे आणि ज्याचे काहीही बिघडलेले नाही, तो हे नाटक पाहून एवढाच निष्कर्ष काढतो, की रंगमंचावरची माणसे खोटे बोलत आहेत.

हा केवळ रसिकतेचा आक्षेप नव्हे. नॅन्सी टोबलर आणि हॉवर्ड स्ट्रॅटन या अभ्यासकांनी १९९७ साली शाळांतील १२० प्रतिबंधक उपक्रमांचा एकत्रित ताळा मांडला. ज्यांत मुलांनी एकमेकांशी बोलावे, सराव करावा, उलट विचारावे अशी योजना होती ते उपक्रम परिणामकारक ठरले. ज्यांत मुलांनी केवळ ऐकायचे होते त्यांचा परिणाम अगदीच क्षीण निघाला. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजलिस येथे सुरू झालेला आणि गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यांना वर्गात पाठवणारा ‘डेअर’ हा उपक्रम अफाट लोकप्रिय झाला, मात्र त्याचा मुलांच्या प्रत्यक्ष वर्तनावरील परिणाम नगण्य असल्याचे पुन्हा पुन्हा दिसून आले. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या मानकांतही भीती घालणे, नुसती माहिती देणे आणि व्यसनातून बाहेर पडलेल्यांची भाषणे ठेवणे या गोष्टी निष्फळ ठरणाऱ्या उपक्रमांच्या खुणा म्हणून नोंदवल्या आहेत. आपल्या पथनाट्यात बहुतेक वेळा या तिन्ही खुणा एकत्र सापडतात.

मग दुसरा कोणता घाट उपलब्ध आहे? ब्राझीलचे नाटककार आणि दिग्दर्शक आउगुस्तो बोआल (१९३१-२००९) यांचे नाव येथे घ्यावे लागते. लष्करी राजवटीने १९७१ मध्ये त्यांना अटक केली, छळ केला, आणि त्यांना देश सोडावा लागला. १९७३ साली ते पेरूमध्ये साक्षरता मोहिमेत काम करीत होते. तेथे नट एक अडचण सादर करीत, प्रेक्षक उपाय सुचवीत आणि नट तो करून दाखवीत. एका प्रयोगात प्रश्न होता तो निरक्षर पत्नीचा. नवऱ्याने महत्त्वाचे दस्तऐवज म्हणून जपायला दिलेले कागद ही परस्त्रीची प्रेमपत्रे आहेत, हे तिला कळले आहे. आता तिने काय करावे? प्रेक्षकांतील एका बाईने उपाय सांगितला, पण नटीने तो कसाही केला तरी तिचे समाधान होईना. अखेर बोआल यांनी तिलाच मंचावर बोलावले. ती आली आणि मनात होते ते तिने स्वतः करून दाखवले. सांगण्यात आणि करण्यात केवढे अंतर आहे, हे त्या दिवशी उमगले, असे बोआल यांनी पुढे सांगितले. या अनुभवातून ‘फोरम थिएटर’ घडले. त्याला आपण संवादनाट्य म्हणू. एक लहान प्रसंग वाईट शेवटापर्यंत सादर करायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, आणि ज्याला वाटेल त्या प्रेक्षकाने ‘थांबा’ म्हणून नायकाची जागा घ्यायची. बोआल यांनी मध्यस्थाला पत्त्यांतील जोकरचे नाव दिले. आपल्या परंपरेतला सूत्रधार त्याच्या जवळचा. प्रेक्षकाला सोंगात ओढून घेणे आपल्याला परके नाही. एकनाथांच्या भारुडांनी ते शतकांपूर्वी केले आहे.

या नाट्यप्रकाराचा एक नियम कळीचा आहे. प्रेक्षकाने जागा घ्यायची ती दबलेल्या माणसाची, दाबणाऱ्याची नाही. ‘एकच प्याला’तील तो प्रसंग संवादनाट्य म्हणून सादर झाला अशी कल्पना करा. एखादा मुलगा उठून म्हणेल, ‘मी तळीराम होतो आणि प्याला देतच नाही.’ सूत्रधाराने त्याला थांबवले पाहिजे, कारण ही जादू झाली. जगातले तळीराम असे आपणहून सज्जन होत नसतात. त्याने सुधाकरच व्हायचे. अपमान ताजा, सनद गेलेली, मित्र समोर उभा, आणि आता बोल. रामलालकडे जाशील? सिंधूला खरे सांगशील? लाज गिळून दुसऱ्या कामाला लागशील? नट तळीराम मात्र जोर सोडणार नाही. प्रत्येक उत्तरावर त्याच्यापाशी आणखी गोड प्रत्युत्तर असेल. चार जण हरतील, पाचवा थोडा टिकेल. प्रेक्षकांतील मुलांना त्या अर्ध्या तासात जे मिळते ते उपदेशात सापडत नाही. नकार ही एक अवघड कृती आहे, तिला शब्द, वेळ आणि सोबती लागतात, हे त्यांना अंगाने कळते.

येथवर संवादनाट्याचे गुणगान झाले. खरी अडचण यापुढे आहे, आणि आपल्या समाजापुरती ती फार जवळची आहे. बोआल यांचे नाट्य जुलूम करणारा आणि जुलूम सोसणारा यांच्या संघर्षावर उभे आहे. जमीनदार, पोलीस, मालक हे तेथे ओळखू येतात. १९८० च्या दशकाच्या आरंभी पॅरिसमध्ये काम करताना तेथल्या लोकांनी एकटेपणा, पोकळी, संवादाचा अभाव अशी दुःखे मांडली, तेव्हा बोआल यांनाही प्रश्न पडला, की येथे शिपाई कोठे आहे? तो डोक्यात आहे, असे उत्तर त्यांनी काढले. आपला प्रश्न आणखी नाजूक आहे. आपल्या घरांत पहिला प्याला भरणारा हात बहुतेक वेळा प्रेमाचा असतो.

बाप्तिस्मा, पहिला ख्रिस्तप्रसाद, लग्न, धर्मग्रामाचा सण, वर्षश्राद्ध. वसईपासून गोव्यापर्यंत किनाऱ्यावरच्या आपल्या किती घरांत यांतला एखादा प्रसंग बाटलीविना पार पडतो? महाराष्ट्राच्या कायद्याने मद्यप्राशनाचे वय पंचवीस ठेवले आहे, सौम्य बिअरपुरते एकवीस; घरचा समारंभ ती अट पंधराव्या-सोळाव्या वर्षीच हसत हसत ओलांडतो. आता संवादनाट्यासाठी हा प्रसंग घ्या. दहावी उत्तीर्ण झालेला भाचा. अंगणात मांडव. मामा ग्लास पुढे करतो. ‘घे रे, आता मोठा झालास. बाहेर चोरून घेण्यापेक्षा आमच्यासमोर घेतलेली बरी.’ वडील बाजूला उभे राहून हसत आहेत. आई स्वयंपाकघराच्या दारातून पाहते आणि काही बोलत नाही.

हा प्रसंग सादर होईल तेव्हा पहिला मुलगा येऊन सरळ ‘नको’ म्हणेल. मामा दुखावेल : ‘माझ्या हातचं नाकारतोस?’ दुसरा औषध चालू असल्याची सबब सांगेल आणि हशा पिकेल. तिसरा ग्लास हातात घेऊन संध्याकाळभर तसाच मिरवेल. ही युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. चौथी एखादी मुलगी उठेल आणि विचारेल, की मला हा ग्लास कोणी देऊ करीत नाही, पण उद्या नवऱ्याने घेतलेला मात्र मीच सोसायचा, तर मी कोणाची जागा घेऊ? आणि केव्हातरी कोणीतरी त्या आईची जागा घेईल. त्या क्षणी सभागृहात शांतता पसरेल, कारण तोपर्यंत सर्वांनी तिला नेपथ्याचा भाग समजलेले असेल. मामाचा युक्तिवादही हसून उडवण्याजोगा नाही. तो भाच्यावर प्रेम करतो आणि स्वतःच्या मते त्याचे रक्षणच करतो आहे. सूत्रधाराने त्याला त्याची बाजू पूर्ण ताकदीने मांडू दिली, तरच मुलांना उत्तर शोधण्याची गरज भासेल.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहरातील शाळांत विकसित झालेला एक उपक्रम येथे तुलनेला घेण्याजोगा आहे. तेथील मुलांनीच सांगितलेल्या अनुभवांवरून, मुलांनाच नट करून चित्रफिती बनवल्या गेल्या. मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांचे संस्कार, मोठ्यांविषयीचा आदर हे सारे त्यांत जसेच्या तसे आले. नकार दे, कारण सांग, टाळ, निघून जा, असे चार मार्ग त्या मुलांच्याच वागण्यातून वेचले होते. भीती घालणाऱ्या उपक्रमांपेक्षा हा कितीतरी सुजाण आहे, हे मान्य करावेच लागेल. पण ते चारही मार्ग पुन्हा वाचा. चारही मुलानेच चालायचे आहेत. मित्रांच्या टोळक्यातून निघून जाता येते. स्वतःच्या घरच्या मांडवातून सोळा वर्षांच्या मुलाने कोठे निघून जावे? आजोबांना आणि मामाला तो कोणते कारण सांगेल? नकाराचा सराव मुलांकडून करवून घेणारा आणि प्याला भरणाऱ्या हाताविषयी मौन पाळणारा समाज आपले ओझे सर्वांत लहान खांद्यांवर टाकतो. माझ्या मते व्यसनमुक्तीच्या नाटकाचे, जुन्या साच्याच्या आणि नव्याही, हे सर्वांत मोठे वैगुण्य आहे.

संवादनाट्य या वैगुण्यातून सुटू शकते, परंतु ते सभागृहातून बाहेर पडले तरच. बोआल स्वतः १९९२ च्या निवडणुकीत रिओ द जानेरोचे नगरसेवक झाले. चार वर्षांच्या त्या कारकिर्दीत वस्त्यांतून केलेल्या संवादनाट्यांतील सूचना त्यांनी नगरसभेपुढे नेल्या. त्यांतून तेरा कायदे संमत झाले. आपल्याकडे पश्चिम बंगालमध्ये संजय गांगुली यांनी १९८५ साली सुरू केलेल्या ‘जन संस्कृती’ या चळवळीने सुंदरबनच्या खेड्यांतून हाच मार्ग चोखाळला. तेथे शेतमजूर आणि बायाबापड्याच नट झाल्या, आणि गावठी दारूच्या गुत्त्यांचा प्रश्न मंचावर चर्चिला गेला तसा गावाच्या आंदोलनातही उतरला. प्रयोग संपतो तेथे गावाचे काम सुरू होते, ही या परंपरेची शिस्त आहे. आपल्याकडे प्रयोगाच्या शेवटी शपथ होते आणि विषय संपतो. शपथ मुलांनी घ्यायची असते. ज्यांच्या घरी पुढच्या रविवारी समारंभ आहे, त्यांनी काहीच घ्यायचे नसते.

ख्रिस्ती वाचकाला हा घाट अनोळखी वाटू नये. संदेष्टा नाथान दावीद राजाला उपदेश करीत नाही; श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी हिरावल्याची कथा सांगतो. राजा संतापून निवाडा देतो आणि मग कळते, की तो निवाडा स्वतःवरच दिला. उधळ्या पुत्राच्या दाखल्याचा शेवट तर प्रभूने उघडाच ठेवला आहे. धाकटा परतला, मेजवानी सुरू झाली, आणि थोरला अंगणात रुसून उभा आहे. पिता बाहेर येऊन त्याची विनवणी करतो. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. ऐकणाऱ्याने थोरल्याची जागा घेऊन ते ठरवायचे. काना गावच्या लग्नातील द्राक्षारसाचा दाखला आपण पिण्याच्या समर्थनार्थ वारंवार देतो. या दाखल्यांचा घाट मात्र आपल्या नाटकांत उतरत नाही.

संवादनाट्याचे धोकेही सांगितले पाहिजेत. लहान धर्मग्रामात सगळे सगळ्यांना ओळखतात. एखाद्या मुलाने स्वतःच्या घरची हकीकत मंचावर आणली, तर दुसऱ्या दिवशी वाडीभर तिची चर्चा होईल आणि शिक्षा त्यालाच मिळेल. म्हणून प्रसंग अनेकांच्या अनुभवांतून विणलेला असावा. कोणत्याही एका घराकडे बोट जाऊ नये. दुसरे असे, की ज्याचे पिणे आजाराच्या अवस्थेला पोहोचले आहे, त्याच्यावर हे नाट्य म्हणजे उपचार नव्हे. अशा माणसासाठी फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून सुरू केलेली ‘कृपा फाउंडेशन’ आहे, १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात उभे केलेले ‘मुक्तांगण’ आहे. प्रयोगानंतर एखादा मुलगा किंवा एखाद्याची आई सूत्रधाराजवळ येऊन हळूच काही बोलली, तर तिला कोठे न्यायचे, हे प्रयोगाआधीच ठरलेले असले पाहिजे. तिसरे, सूत्रधाराने उत्तर खिशात घालून येऊ नये. मुलांना त्याचा वास लागतो, आणि मग ती त्याला हवे ते बोलून मोकळी होतात. संवादाचे सोंग घेतलेले प्रवचन हे उघड प्रवचनापेक्षा वाईट.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दहा ते पंचाहत्तर वयोगटातील सुमारे सोळा कोटी भारतीय मद्य घेतात. गर्द, गांजा, गोळ्या यांची भीती आपण मुलांना घालतो, आणि ती निराधार नाही. पण आपल्या मुलांची नशेशी पहिली ओळख कोठे होते याचे उत्तर शोधायला रेल्वे स्थानकाच्या आडोशाला जाण्याआधी मांडवात पाहावे. ते दाखवण्याचे धैर्य ज्या नाटकात असेल, त्याचा अभिनय कच्चा असला तरी मी त्याला चांगले नाटक म्हणेन.

पुढच्या प्रायश्चित्तकाळात ज्या धर्मग्रामाचे युवक असा प्रयोग बसवतील, त्यांनी पहिले निमंत्रण पालकांना, वाडीच्या पंचांना आणि धर्मग्राम परिषदेच्या सभासदांना द्यावे आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवावे. शपथेच्या जागी परिषदेपुढे एक साधी सूचना यावी : आपल्या सणाच्या आणि समारंभाच्या मांडवात अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती ग्लास दिला जाणार नाही, आणि ग्लास भरून नेऊन देण्याचे कामही त्याला सांगितले जाणार नाही. सूचना संमत होईल की फेटाळली जाईल, हे आधी सांगता येणार नाही. पण ती मांडताना कोण खुर्चीत अस्वस्थ होतो, कोण उठून जातो आणि कोणती आई प्रथमच हात वर करते, हे त्या धर्मग्रामाचे तरुण डोळ्यांनी पाहतील.